ठोकळा ठेवतो एकीकडे, चिकटतो भलतीकडे

प्रश्न : वय ६८. पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालो. पुण्याचा नातू कॉम्प्युटरवर ‘ब्रिकलिंक स्टुडिओ’मध्ये लेगोची मॉडेल्स बनवतो आणि फाईल मला पाठवतो. मलाही शिकायचंय; पण ठोकळा ठेवायला जावं तर भलतीकडेच चिकटतो. सुरुवात कुठून करू?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : काका, सोडून मात्र देऊ नका. प्लॅन आणि एलेव्हेशन काढण्यात तुमची हयात गेली. इथे तेच लागतं.

पडदा सपाट असतो. तिरकं बघताना पुढचा स्टड (ठोकळ्याच्या डोक्यावरचा गोल उंचवटा) आणि मागचा स्टड एकमेकांवर येतात आणि तुम्हाला कुठला हवाय ते प्रोग्रॅम अंदाजाने ठरवतो. म्हणून ठोकळा सोडण्याआधी दृश्य फिरवा : माऊसचं उजवं बटण दाबून ओढा, चाकाने जवळ-लांब करा. वरून बघितलं की जागा कळते, बाजूने बघितलं की उंची. पहिले काही दिवस एवढंच केलंत तरी चालेल. हाताला ही सवय लागली की निम्मी कटकट संपते.

मग नवीन काही रचायच्या भानगडीत पडू नका. नातवाचे सुटे ठोकळे घरी असतीलच. मूठभर घेऊन हातानेच छोटं घर बांधा, ते शेजारी ठेवा आणि तसंच्या तसं पडद्यावर उतरवा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हेच करायला लावते. ठोकळा उलटा करून भिंगातून पाहा. आत बारीक आकडा असतो. २×४ च्या ठोकळ्याचा ३००१. तो शोधायच्या चौकटीत टाकला की हवा तो तुकडा समोर येतो.

आता तुमच्या आवडीचं. स्टड ते स्टड अंतर ८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६, पातळ प्लेटची ३.२. म्हणजे तीन प्लेटा म्हणजे एक ठोकळा. आणि पाच प्लेटा १६ मिमी, बरोबर दोन स्टडांएवढ्या! तुकडा आडवा करून भिंतीत बसवायची सगळी करामत या हिशोबावर चालते. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ (कॉम्प्युटरवर लेगो रचायची पद्धत आणि तुकड्यांचा संग्रह) सुरू केलं, तेव्हा ०.४ मिमीचं एकक धरलं. त्यामुळे ही मापं २०, २४ आणि ८ अशी पूर्णांकात आली. १९९७ मध्ये ते गेले, पण हौशी लोकांनी ते काम पुढे चालू ठेवलं. स्टुडिओतले तुकडेही त्याच संग्रहावर उभे आहेत. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

एक सांभाळा : हवेत तरंगणारा ठोकळाही प्रोग्रॅम खपवून घेतो. त्यामुळे प्रत्येक थरानंतर खालूनही एकदा बघा.

घर जमलं की नातवाची फाईल वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि त्याच्या मॉडेलचा एकेक ठोकळा वरून काढत जा. त्याने काय आधी बसवलं, आधार कुठे दिला, ते कळेल. जिथे अडाल तिथे त्यालाच फोन लावा.