पद्मिनी दोन इंच खाली बसवायची आहे, पुढे मागे स्प्रिंग आणि शॉक कुठले घेऊ?

तुम्ही लिहिलंय की प्रीमियर पद्मिनी आहे, पुढून मागून दोन इंच खाली आणायचीय, आणि गॅरेजवाला म्हणतो पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापू, मागे ब्लॉक (एक्सल आणि पाट्यामधला ठोकळा) टाकू आणि मिळतील तितके कडक गॅसचे शॉक लावू. माझं सरळ मत सांगतो, दोन इंच नका करू, एक ते सव्वा इंचावर थांबा, आणि स्प्रिंगच्या आधी शॉकची लांबी ठरवा.

गाडी खाली आली म्हणजे चाकाला वर जायला जी जागा होती तीच आपण खाल्ली, आणि ती किती होती हे मोजल्याशिवाय कोणीच काही ठरवू शकत नाही. म्हणून पुढची स्प्रिंग कम्प्रेसर लावून नीट काढा (दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, घाई नको), खालचा आर्म (चाक धरणारा दांडा) जॅकने बंप स्टॉपचं, म्हणजे चाक अजून वर जाऊ न देणाऱ्या ठोकळ्याचं, रबर टेकेपर्यंत वर न्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. उभ्या गाडीचं तेच माप आधी घेऊन ठेवा, दोन्हीतला फरक म्हणजे तुमची जागा. समजा 70 मिमी निघाली आणि तुम्ही 40 ने खाली आणली तर उरले 30. आता जो खड्डा आधी 70 मिमीत जिरत होता तो 30 मध्ये जिरवायचा तर स्प्रिंग पाचपटीहून जास्त कडक लागेल, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाने वाढते. पाचपट कडक गाडीत कोण बसणार? मग होतं काय की 20-30 टक्के कडक स्प्रिंग टाकतात आणि गाडी दिवसभर रबरावर आपटत राहते, आणि मालक म्हणतो शॉक बेकार निघाले. 25 मिमी उतरवलीत तर 45 शिल्लक राहतात, एवढ्यात काम भागवता येतं.

पुढची स्प्रिंग. पद्मिनीला पुढे विशबोन (त्रिकोणी आर्म) आहेत आणि स्प्रिंग चाकापासून बरीच आत बसते, त्यामुळे स्प्रिंग 1 सेंटीमीटर कमी झाली की चाकापाशी गाडी त्याहून बरीच जास्त खाली येते. म्हणूनच "एक वेढा" हे माप फसवं आहे, अर्धा कापला तरी पुष्कळ फरक पडतो. कापल्याने स्प्रिंग कडकही होते, 8 चालू (म्हणजे दबणाऱ्या) वेढ्यांतला 1 गेला की साधारण 14 टक्के. कापायचीच असेल तर कटिंग व्हीलने, थांबत थांबत, गार ठेवून. गॅस कटरने अजिबात नाही, त्या उष्णतेने पोलादाचं पाणी जातं आणि मग तिथे ती बसते किंवा तुटते. आणि गाडी खाली ठेवून वेढा लाल करून बसवतात ना, ते तर कोणी सुचवलं तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा.

मला विचाराल तर नवीन वळून घ्या. पिंपरी-चिंचवड, भोसरी, ठाणे बाजूला स्प्रिंग करून देणारी छोटी वर्कशॉप आहेत, त्यांना तारेची जाडी, बाहेरचा व्यास, एकूण वेढे, मोकळी लांबी आणि टोकं कशी घासलेली आहेत ते द्या, जुनी स्प्रिंगच नेऊन दाखवलीत तर उत्तम. तारेच्या बाबतीत सांभाळून, कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, 12 ची 12.5 मिमी केली तर 18 टक्के आणि 13 केली तर सरळ 38 टक्के. साधारण 20-25 टक्क्यांच्या वर जाऊ नका. मटेरियल ईएन 47 (स्प्रिंगचं पोलाद) मागा आणि स्प्रिंग करून झाल्यावर पूर्ण दाबून सेट करून देतात का ते विचारा, ते नाही केलं तर काही महिन्यांत ती आणखी खाली बसते आणि सगळं माप गेलं. अजून एक, गाडी जॅकवर लटकवली तरी स्प्रिंग आपल्या जागी घट्ट राहिली पाहिजे, सैल होऊन फिरत असेल तर ती फार आखूड झालीय.

मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. ब्लॉकने गाडी खाली तेव्हाच येते जेव्हा एक्सल पाट्याच्या वर बसलेला असतो, आणि ब्लॉक लाकडाचा वगैरे नको, सेंटर बोल्टच्या भोकात नीट बसणारा आणि सोबत लांब यू बोल्ट. 25 मिमीपर्यंत ठीक, त्याहून उंच ब्लॉकने क्लच सोडताना एक्सल पिळवटतो. पाटेवाल्याकडून कमान थोडी उतरवून घेणं मला जास्त आवडतं, फक्त पाटा सरळ झाला की लांब होतो तर शॅकलचा (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या कडीचा) कोन बघा. पाटा काढून टाकू नका, चार माणसं बसली की गाडी रबरावर.

आता शॉक. गाडी खाली आली की जुना शॉक कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि बंप स्टॉपचं रबर पूर्ण दबायच्या आत तो आतून आपटू शकतो, वॉल्व्ह खराब होतो, लोक कंपनीला शिव्या देतात. म्हणून रबर पूर्ण दबलं असताना दोन माउंटिंगमधलं अंतर मोजा, शॉकची दाबलेली लांबी त्याहून 10-15 मिमी तरी कमी हवी. याच मापाने दुकानात जा, दुसऱ्या गाडीचा शॉक चालेल की नाही ते लांबी आणि माउंटिंग ठरवतं, नाव नाही. कडकपणाचं म्हणाल तर स्प्रिंग 25 टक्के वाढवली तर डॅम्पिंग (शॉकची उसळी आवरण्याची ताकद) फक्त 12 टक्क्यांच्या आसपास वाढवावं लागतं, तिथे हिशेब वर्गमूळाने चालतो. तेही मुख्यतः परतीच्या बाजूला, स्प्रिंग उसळते ती आवरायला. दाबताना कडक शॉक म्हणजे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. कमी दाबाचा गॅस असलेला ट्विन ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉक पुरेसा आहे, तेलाला फेस येत नाही, आणि मोनोट्यूबच्या (एकाच नळीच्या शॉकच्या) जास्त दाबाने गाडी थोडी वर उचलली जाते ते वेगळंच.

अलाइनमेंटला जाताना टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) तर बघाच पण खालच्या आर्मकडेही नजर टाका, त्याचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं असेल तर रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकलंय आणि खाली बसवूनही गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त झुकेल. सायलेन्सर आणि इंजिनाखालचा ऑइल संप जमिनीच्या किती जवळ आलेत तेसुद्धा बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असायचा, तसल्यावरून गाडी जाईल, पण सोसायटीवाले स्वतः ओततात त्यांना कसलंच माप नसतं.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून ठेवा, आरसीवरच्या मूळ तपशिलाला धक्का लागेल असा बदल चालत नाही, तर आरटीओत आधी विचारा आणि मूळ स्प्रिंग जपून ठेवा, विकू नका. मोजमापं घेतलीत की खाली कमेंटमध्ये टाका, तारेची जाडी बघून किती वेढे ठेवायचे ते सांगतो.