वाचकांचे प्रश्न : चौदा जणांची सहल आणि भाड्याची यॉट

प्रश्न : आम्ही नागपूरच्या प्रतापनगरात राहणारी तीन भावंडे आहोत. आई-बाबांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याने तिन्ही कुटुंबांनी मिळून चार दिवस समुद्रकिनारी जायचे आणि त्यातला एक दिवस स्वतंत्र यॉट भाड्याने घेऊन साजरा करायचा, असे ठरले आहे. आम्ही एकूण चौदा जण आहोत. आई बहात्तर वर्षांची असून तिच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, तर सर्वांत धाकटी पुतणी चार वर्षांची आहे. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात म्हणून जूनचा पहिला आठवडा धरला आहे. मोबाइलवर मुंबई आणि गोव्यातल्या यॉटींचे सुंदर फोटो दिसतात, पण त्यांतून निवड कशी करावी ते कळत नाही. अंबाझरी तलावातल्या होडीपलीकडे आमच्यापैकी कोणीही पाण्यात गेलेले नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या आई-बाबांना मनःपूर्वक शुभेच्छा. आपण यॉटविषयी विचारले आहे, पण मला आधी तारखेविषयी बोलले पाहिजे, कारण ती बदलल्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ आहे. जूनचा पहिला आठवडा कृपया सोडून द्या. नागपुरात त्या दिवसांत ऊन तापलेले असते आणि पावसाचा पत्ता नसतो, त्यामुळे कोकणात तोवर समुद्र खवळलेला असतो हे आपल्या लक्षात येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि गेटवे ते मांडवा ही नेहमीची प्रवासी लाँचसेवाही साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद ठेवली जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले होते, तो याच आठवड्यातला दिवस. या काळात आपल्याला कोणी ‘चालेल, या’ असे सांगत असेल, तर ती यॉट कितीही देखणी असली तरी तो माणूस विश्वास ठेवण्याजोगा नाही.

सहल दिवाळीच्या सुट्टीत न्यावी, आणि त्यातही भाऊबीज झाल्यावर चार-पाच दिवस थांबून सप्तमी-अष्टमीच्या सुमारास न्यावी, असे मी सुचवेन. अमावास्या आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, म्हणजे भरती फार चढते आणि ओहोटी फार उतरते. अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी असते आणि हा फरक बराच कमी होतो. आपण म्हणाल, आम्हाला मासे धरायचे नाहीत, मग भरतीशी आमचा काय संबंध? तो संबंध आपल्या आईच्या गुडघ्यांशी आहे.

माझ्या मावशीला आम्ही काही वर्षांपूर्वी गेटवेला बोटीत चढवले, तो प्रसंग मला अजून दिसतो. उधाणाची ओहोटी होती. दगडी पायऱ्यांपैकी खालच्या पाच-सहा पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर हिरवे शेवाळ होते. बोट लाटेसरशी वीतभर वर येई आणि वीतभर खाली जाई. पायरी आणि बोट यांच्यामधली फट कधी मिटे, कधी हातभर रुंद होई. एका खलाशाने मावशीचा डावा हात धरला, दुसऱ्याने बोटीतून उजवा, आणि तिने पाऊल उचलण्याचा क्षण तीनदा चुकवला. ती पडली नाही, परंतु पुढचे दोन तास ती फक्त उतरताना काय होईल याचाच विचार करत बसली. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक होतो. गोव्यात तो साधारण त्याच्या निम्माच असतो. म्हणून मालकाला पहिला प्रश्न असा विचारा की चढणे-उतरणे कोठून आहे, पायऱ्यांवरून की पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या जेट्टीवरून? तरंगती जेट्टी असेल तर धक्का आणि बोट यांची उंची दिवसभर जवळपास सारखी राहते आणि आपली निम्मी चिंता मिटते. मुंबईचा विचार असेल तर घरातले पंचांग काढा. कोकणातली जुनी रीत अशी की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. नेमकी वेळ छापील तक्त्यातूनच घ्यावी, पण मालक सांगतो ती वेळ पटण्यासारखी आहे की नाही, एवढे या रीतीने नागपुरात बसूनही ताडता येते.

आता चौदा या आकड्याकडे येतो. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षेच्या नियमांत बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज हे ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि त्याला फार कडक अटी लागू होतात, त्यामुळे अनेक खासगी यॉटी बारा प्रवाशांच्याच हिशेबाने बांधलेल्या असतात. आपल्याकडे प्रत्येक बोटीच्या सर्वेक्षण प्रमाणपत्रावर किती प्रवासी आणि किती खलाशी चालतील हे लिहिलेले असते. तोच आकडा खरा, जाहिरातीतला नव्हे. चार वर्षांची पुतणीही त्यात एक पूर्ण प्रवासी धरावी. गोव्यात एकदा आम्ही तेरा जण एका बोटीपाशी पोहोचलो. बोलणे पंधरा जणांचे झाले होते. प्रमाणपत्र मागितल्यावर त्यावर दहा निघाले. मालकाचे म्हणणे होते की सगळेच असे नेतात. आम्ही माघारी फिरलो, आगाऊ दिलेले पैसे गेले, मुले रडली, आणि तरीही तो निर्णय मला एकदाही चुकीचा वाटलेला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून पंधरा जणांनी प्राण गमावले. ती दुपार स्वच्छ उन्हाची होती.

म्हणून पैसे देण्यापूर्वी चार कागदांच्या प्रती मागवा : नोंदणी, चालू मुदतीचे सर्वेक्षण प्रमाणपत्र, प्रवाशांचा समावेश असलेला विमा आणि बोट चालवणाऱ्या कप्तानाचा परवाना. नदी-खाडीत चालणाऱ्या बोटींना २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यानुसार नोंदणी आणि सर्वेक्षण दोन्ही बंधनकारक आहेत. महाराष्ट्रात ही व्यवस्था महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते, गोव्यात पणजीचे कॅप्टन ऑफ पोर्ट्स हे खाते. त्यानंतर मालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि बोटीच्या कडेवर रंगवलेला नोंदणी क्रमांक कागदाशी ताडून पाहा. त्याच कॉलवर शौचालयही पाहून घ्या. चौदा जणांत स्त्रिया, मुले आणि वयस्कर माणसे असताना चार तास पाण्यावर काढायचे, तर ही चौकशी करायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

बोटीचा प्रकार निवडताना आपल्या कुटुंबासाठी मी शिडाच्या एका सांगाड्याच्या यॉटपेक्षा कॅटमरान पसंत करीन. शिडाची बोट वारा भरला की एका बाजूला कलते; ते तिचे सौंदर्यच आहे, पण आपल्या आईला ते सौंदर्य वाटणार नाही. कॅटमरानला दोन सांगाडे असल्याने ती रुंद आणि स्थिर असते, पुढे जाळीवर मुले बसू शकतात, मधल्या बैठकीत सावली मिळते. मोटर यॉट वेगवान आणि आरामशीर असते खरी, परंतु तिला इंधन फार लागते आणि नांगर टाकून उभी राहिली की ती बरीच डुलते.

ठिकाणाबाबत माझे मत स्पष्ट आहे : पहिल्यांदाच समुद्र पाहणाऱ्या आजी आणि नात असतील, तर गोव्याची मांडवी नदी. पणजीजवळून निघून रेइश मागुश किल्ला उजवीकडे आणि मिरामार डावीकडे ठेवत आग्वादपर्यंत जाऊन परतता येते. तेथपर्यंत पाणी बरेचसे शांत असते आणि मुखापलीकडे खुला समुद्र सुरू होतो. कप्तानाशी आधीच ठरवा की मुखाबाहेर जायचे की नाही हे त्या दिवशी आजींकडे पाहून ठरेल. मालवण-तारकर्ली मला फार प्रिय आहे, कर्ली नदीच्या खाडीतून संगमापर्यंतचा फेरा आणि समोर सिंधुदुर्ग किल्ला हे अविस्मरणीय दृश्य आहे. मात्र तिथे मोठ्या यॉटीपेक्षा स्थानिक तांडेलांच्या होड्याच अधिक, म्हणून आपल्या या सोहळ्यासाठी नव्हे, पण नंतर कधीतरी जरूर जा.

एक गैरसमज दूर करतो. यॉट किनाऱ्याला लागत नाही. तिच्या तळाला खोल पाणी लागते, त्यामुळे ती दूर नांगर टाकते आणि वाळूवर जायचे तर लहान डिंगीत उतरून, शेवटी गुडघाभर पाण्यात पाऊल टाकून जावे लागते. फोटोत यॉट आणि वाळू एकत्र दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये हा सगळा खटाटोप असतो. आपण किनाऱ्याचा दिवस आणि यॉटचा दिवस वेगळा ठेवा. यॉट सकाळी घ्या, कारण दिवस चढला की समुद्रावरून खारे वारे वाहू लागतात आणि दुपारनंतर पाणी उचंबळते. सूर्यास्ताची वेळ सगळ्यांना हवी असते हे मी जाणतो. नदीतच राहणार असाल तर तीही चालेल.

लाइफ जॅकेट चौदा आहेत का एवढेच विचारू नका. पुतणीच्या वजनाचे जॅकेट आहे का, हे विचारा. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते डोक्यावरून निसटते. घातल्यावर दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहा; जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते मापाचे नाही. मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा, बक्कल ‘टक्’ असा आवाज करून बसले पाहिजे. मुले नागपुरात जलतरण तलावात शिकली असतील तरी त्यांना जॅकेटशिवाय उतरू देऊ नका, कारण समुद्रात धरायला कठडा नसतो आणि प्रवाह दिसत नाही.

करारात भाडे तासावर असते, माणशी नव्हे. तास जेट्टीवर चढल्यापासून मोजतात की दोर सुटल्यापासून, इंधन, जेवण आणि कर त्यात धरले आहेत का, हे लिहून घ्या. सर्वांत महत्त्वाचे कलम हवामानाचे. अरबी समुद्रात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येही वादळे येतात, म्हणून कप्तानाने किंवा बंदर खात्याने नाही म्हटले तर दुसरी तारीख किंवा पूर्ण परतावा मिळेल असे शब्द हवेत. नागपूरहून पोहोचल्याच्या दिवशी यॉट ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ठेवा आणि तिसरा दिवस मोकळा राखा, म्हणजे एक दिवस वारा बिघडला तरी सोहळा बुडणार नाही.

प्रश्न : आमच्या धरमपेठेतल्या भिशीच्या दहा जणी जानेवारीत गोव्याला जाणार आहोत. तिघींना बसमध्येही उलटी होते. त्यांनी यॉटवर येऊच नये का?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : जरूर यावे, मात्र नदीतल्या फेरीसाठी यावे आणि वेळ दोन तासांहून अधिक ठेवू नये. मळमळ होते ती कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जाणवणारी हालचाल आणि डोळ्यांना दिसणारे स्थिर दृश्य यांचा मेळ न बसल्याने. म्हणून खाली केबिनमध्ये जाऊन पडू नये आणि मोबाइलमध्ये पाहू नये. बोटीच्या मध्यावर, वाऱ्यात बसून क्षितिजाकडे पाहावे. आदल्या रात्री सावजीचा बेत टाळावा आणि रिकाम्या पोटीही जाऊ नये. सकाळी दोन इडल्या किंवा साधे पोहे, तर्रीशिवाय, पुरेत. आलेपाक जवळ ठेवावा. गोळी घ्यायची असेल तर ती निघण्यापूर्वी साधारण तासभर घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. रक्तदाबाची किंवा काचबिंदूची औषधे चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आपल्या पत्रात कोणाला पोहता येते याचा उल्लेख नाही. येत नसेल तरी हरकत नाही, परंतु जॅकेट फोटोपुरते काढायचे नाही हे दहा जणींनी घरूनच ठरवून निघावे.

प्रश्न : आम्ही आठ मित्र फुकेतला जाऊन एक आठवडा यॉटवरच राहायचे म्हणतो. एकाने सुचवले की कप्तान न घेता बोट स्वतः चालवली तर स्वस्त पडेल.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्यापैकी कोणाकडे शिडाची बोट चालवल्याचा अनुभव आणि त्याचे प्रमाणपत्र नसेल, तर हा विचार सोडून द्या. कप्तानासह बोट घ्या. फुकेतच्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला काळ असतो. मेपासून नैऋत्य मोसमी वारे तिकडेही पोहोचतात आणि सिमिलान बेटे तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. आठ जणांसाठी चार खोल्यांची कॅटमरान योग्य ठरेल, पण कप्तान आणि स्वयंपाकी कोठे झोपणार हे विचारून घ्या, नाहीतर एक खोली त्यांना द्यावी लागेल. मोठ्या यॉटींच्या बाबतीत जाहिरातीतल्या भाड्याखेरीज इंधन, बंदरशुल्क आणि किराण्यासाठी भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के रक्कम वेगळी आगाऊ घेण्याची पद्धत आहे. तिचा हिशेब शेवटी पावत्यांसह मिळतो आणि उरलेले पैसे परत येतात. लहान बोटींना ती लागू नसेलही, पण विचारल्याशिवाय आठ जणांचा माणशी खर्च काढू नका.