यंत्र बसलं, थरथर थांबली, मग हे असे का वागतात?

प्रश्न : माझे यजमान 63 वर्षांचे. कंपवात (पार्किन्सन) होऊन दहा वर्षं झाली. गोळ्या वाढल्यावर त्यांना मटक्याचा नाद लागला, आयुष्यात कधी नव्हता तो. पाच महिन्यांपूर्वी पुण्याला डीबीएस, म्हणजे मेंदूत तार घालून यंत्रानं करंट देण्याचं ऑपरेशन, केलं. थरथर थांबली, गोळ्या निम्म्यावर आल्या, मटकाही सुटला. पण आता बेदाण्याच्या शेडकडे फिरकत नाहीत, नातवाला हाक नाही, ताट पुढं ठेवलं तर जेवतात. मेंदूला इजा झाली असेल का?
— एक भगिनी, तासगाव

उत्तर : इजेपेक्षा गोळ्यांचा हिशेब आधी तपासा. जुनी चिठ्ठी काढा आणि त्यात प्रॅमिपेक्सॉल किंवा रोपिनिरॉल आहे का बघा. ही औषधं हालचालीसाठी देतात, पण ‘मिळालं, अजून हवं’ ही मेंदूतली ओढही तीच चेतवतात. अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 रुग्णांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यांपैकी कशाचा तरी अनावर नाद होता. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.9 टक्के होतं. तेव्हा मटका हा यजमानांच्या स्वभावाचा दोष धरू नका.

ऑपरेशननंतर हातापायांचं काम करंट करतो, म्हणून गोळ्या कमी करता येतात. उमेद देण्याचं काम मात्र करंट करत नाही, ते गोळीच करत होती. ती भराभर उतरवली की आठवड्यांत, कधी काही महिन्यांत माणूस असा थंड पडतो. याला ॲपथी म्हणतात. नैराश्यात माणूस रडतो, ‘मी तुमच्यावर ओझं’ म्हणतो. ॲपथीत वाईटही वाटत नसतं. दोन्ही एकत्रही असू शकतात.

एका वहीत तीन रकाने पाडा : तारीख, त्या दिवशीच्या गोळ्या वेळेसकट, आणि यंत्राचं सेटिंग बदललं असल्यास ते. गोळी उतरल्याच्या तारखेमागोमाग उत्साह गेलेला दिसला, तर डॉक्टर थोडी गोळी परत देऊन पाहतात किंवा पुढची कपात लांबवतात. घरात उरलेली जुनी स्ट्रिप आपल्या मनानं सुरू करू नका, मटका परत येईल. सिंडोपा ही कंपवाताची नेहमीची गोळीही एकदम बंद करायची नाही. तसं केल्यास प्रचंड ताठरपणा आणि ताप येऊन जीवावर बेततं. आठवड्यातून एकदा गोळ्या मोजा, कारण कपातीनंतर काहीजण चोरून जास्त घेतात.

आणखी एक, स्पष्टच सांगतो. या ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात आत्महत्येचा धोका वाढलेला आढळला आहे. द्राक्षबागेची औषधं कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. ‘जगून काय करू’ असं एकदा जरी तोंडून आलं तरी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, यजमानांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

प्रश्न : वडिलांचं डीबीएस झालं. परवाच्या फेरीत करंट वाढवला. दोन दिवसांत पहाटे तीनला उठून बडबड, गाणी, आणि काल नवा ट्रॅक्टर बुक करायला निघाले. पाहुणे म्हणतात, किती खूश आहेत!
— एक मुलगा, सातारा

उत्तर : ही खुशी नव्हे. आजच फोन करा.

तार बहुधा जिथं बसवतात तो सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा मेंदूतला ठिपका जेमतेम वाटाण्याएवढा. वरच्या-बाहेरच्या भागात हालचालींचं काम, खालच्या-आतल्या भागात भावनांचं. तारेच्या टोकाला करंट सोडणारे दीड-दीड मिलिमीटरचे चार कॉन्टॅक्ट असतात; जुन्या पद्धतीच्या तारेत सगळ्यात खालचा शून्य नंबरचा. करंट खालच्या कॉन्टॅक्टवर असला किंवा जास्त झाला, तर तो भावनांच्या भागात सांडतो आणि वडिलांसारखा उन्माद येतो. बदल काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत दिसला, तर संशय आधी सेटिंगवर घ्यायचा. उपाय बहुधा सोपा असतो : वरचा कॉन्टॅक्ट घेणं किंवा करंट उतरवणं. सोबत गोळ्या अजून जुन्याच डोसवर असतील तर त्याही बघाव्या लागतात.

रिमोटवर रुग्णाला फेरफार करायची मुभा दिली असेल, तर रिमोट तूर्त तुमच्या खिशात. झोप यावी म्हणून ओळखीच्या केमिस्टकडून काही आणू नका. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं कंपवात बळावतो; गरजच पडली तर क्वेटियापिनसारखं औषध न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यानं देतात.

प्रश्न : आईला कंपवात आहे आणि लॉटरीचा नाद आहे. एकजण म्हणतो डीबीएस करा, सुटेल. दुसरा म्हणतो अशांना करतच नाहीत.
— एक वाचक, कराड

उत्तर : दोघांचंही म्हणणं अर्धवट. नाद गोळीमुळे असेल, तर ऑपरेशननंतर गोळी उतरल्यावर बऱ्याच जणांचा सुटतो. थोड्यांना उलट नवा लागतो. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी, आणि नाद लपवायचा नाही. तोवर यूपीआयला दोन-अडीच हजारांचंच खातं जोडा, आणि पतसंस्थेत सोनेतारण झालंय का ते गुपचूप बघून या.