न कळता दिलेली खात्रीही दुकानदाराला बांधते

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. तेथे वीज आहे, पण वाय-फाय नाही. राखणीसाठी गेल्या फेब्रुवारीत कोल्हापूरच्या एका दुकानातून चार कॅमेरे २३,६०० रुपयांना घेतले. सिम कार्डावर चालतील ना, असे विचारल्यावर तेथील मुलाने कॅमेऱ्याखालचे रबरी झाकण उघडून खाच दाखवली आणि "सिम इथे जातं, काका" असे सांगितले. ती खाच मेमरी कार्डाची निघाली. कॅमेरे केवळ वाय-फायवर चालतात. मालक म्हणतात, मुलगा नवा होता, त्याला कळत नव्हते, आता तो नोकरीतही नाही. शिवाय पावतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापले आहे. हंगामात दोन कलमांवरचा आंबा चोरीस गेला. पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यावी काय? एक कॅमेरा सध्या घराच्या पडवीत लावला आहे. खरेदीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवरही हेच विचारले होते. "हो काका, चालेल" असे उत्तर आले होते.

उत्तर : पत्रातील सर्वांत मोलाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी पोलिसांचा विषय संपवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरण्यासाठी व्यवहाराच्या वेळीच अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावे लागते, आणि ज्याला सिम व मेमरी कार्ड यांतला फरकच ठाऊक नव्हता त्याच्यावर कपटाचा आरोप टिकणे कठीण आहे. त्या वाटेने जाऊ नये.

मात्र मुलाला कळत नव्हते, हे मालकांचे म्हणणे त्यांना सोडवत नाही, उलट अडकवते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८ नुसार, पुरेशी माहिती नसताना एखादी खोटी गोष्ट खरी समजून ठामपणे सांगणे हेसुद्धा चुकीचे निवेदन ठरते. सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा तेथे उपयोगी पडत नाही. कलम २३८ प्रमाणे, धंद्याच्या ओघात प्रतिनिधीने केलेले असे निवेदन मालकानेच केले असे मानले जाते. मुलगा नोकरी सोडून गेल्याने त्यात फरक पडत नाही. कलम १९ तुम्हाला करार रद्द करण्याचा अधिकार देते. त्याच कलमात एक अपवाद आहे आणि दुकानदाराचे वकील नेमके त्यावर बोट ठेवतील : साधारण दक्षता घेतली असती तर खरे काय ते कळले असते, खोक्यावर सगळे छापलेले होते. यावर तुमचे उत्तर असे की, तुम्ही गरज स्पष्ट सांगून दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा होकार मिळाला होता.

तरीही दिवाणी दाव्यापेक्षा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला अधिक सोयीचा आहे. त्यातील "दोष" या शब्दाच्या व्याख्येत, व्यापाऱ्याने वस्तूबद्दल कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याला वस्तू न उतरणे याचाही समावेश होतो, आणि अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत तोंडी विधानही येते. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीच स्वतंत्र अनुचित प्रथा असल्याने, पावतीवरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका. बाग म्हणजे धंदा, म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असाही आक्षेप येईल. परंतु स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेली खरेदी कायदा व्यापारी मानत नाही, आणि २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यांना ग्राहकच ठरवले आहे.

आता ती व्हॉट्सॲपची ओळ. तोंडी बोलणे दुकानदार नाकारू शकेल, हे लेखी उत्तर मात्र त्याला नाकारता येणार नाही. संपूर्ण संवाद तारीख, वेळ आणि क्रमांक दिसेल असा छापून घ्या, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडा, आणि तो फोन विकू वा बदलू नका.

प्रथम स्पीड पोस्टाने १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस पाठवा आणि रक्कम परत किंवा सिमवर चालणारे कॅमेरे यांपैकी एक मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यास पुष्कळदा येथेच मिटते. न मिटल्यास कोल्हापूरला खेटे घालण्याची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे सिंधुदुर्गच्या, ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. आयोगाने तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ धरून चाला. चोरीला गेलेल्या आंब्याची किंमत मात्र मागू नये, असे माझे मत आहे : कॅमेरा चालला असता तर चोर आलाच नसता, हे सिद्ध होणार नाही, आणि फुगवलेल्या मागणीमुळे खऱ्या मागणीचे वजन घटते. मनस्ताप व खर्चापोटी माफक रक्कम लिहावी.

आणि नोटीस टपालात पडण्यापूर्वी पडवीतला कॅमेरा उतरवून त्याच्या खोक्यात ठेवा. दोष कळल्यानंतरही वस्तू वापरत राहणे म्हणजे ती स्वीकारणे, असा युक्तिवाद समोरून होणारच. त्याला पुरावा आपण होऊन देऊ नका.