एडिसनच्या धाकानं हॉलिवूड वसलं? आधी तारखा लावा

एडिसनच्या पेटंटांच्या जाचाला कंटाळून निर्माते कॅलिफोर्नियाला पळाले, हे सगळीकडे छापलेलं असतं. लेखासाठी त्याला आधार कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय. आधार नंतर शोधा. आधी कोण कधी आलं ते लावून बघा, निम्मी गोष्ट तिथेच गळते.

एडिसन आणि इतर पेटंटवाल्यांनी मिळून काढलेली मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी डिसेंबर 1908 मधली. तिचा सभासद असलेल्या शिकागोच्या सेलिग या चित्रपट कंपनीची मंडळी 1909 मध्ये लॉस एंजेलिसला शूटिंग करत होती. 1910 च्या जानेवारीत दिग्दर्शक ग्रिफिथ बायोग्राफ कंपनीचा ताफा घेऊन आला, आणि बायोग्राफही सभासदच. म्हणजे ज्यांच्या भीतीनं पळायचं, तेच आधी येऊन बसले! त्यांना हवं होतं ते हिवाळ्यातलं ऊन. काम बहुतेक उघड्यावर, सूर्यप्रकाशात चालायचं.

गोष्ट अगदीच बिनबुडाची नाही. बायसन छापाचे चित्रपट काढणाऱ्या स्वतंत्र, म्हणजे पेटंटवाल्यांच्या गटाबाहेरच्या, कंपनीमागे पेटंटवाल्यांचे हेर खरंच लागले होते आणि तीही 1909 च्या अखेरीस इकडे आली. नेस्टरही स्वतंत्र, तिनं 1911 मध्ये सनसेट आणि गॉवरच्या कोपऱ्यावर हॉलिवूडमधला पहिला स्टुडिओ थाटला. पण ‘मेक्सिकोची हद्द जवळ, धाड पडली की पसार’ हे मला पटत नाही. हद्द दोनेकशे किलोमीटरवर, आणि रस्ते 1910 चे.

तपासायला ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ हे व्यापारी साप्ताहिक घ्या. मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररीवर त्याचे अंक फुकट आहेत, त्यात शोधायला ‘लँटर्न’ हे तिचं शोधयंत्र. नटनट्यांवरचे लेख सोडा. कुठली कंपनी कुठे गेली याच्या दोन-दोन ओळींच्या बातम्या वाचा. स्कॅनमध्ये अक्षरं चुकतात, म्हणून नावाचं स्पेलिंग बदलून बदलून शोधा. म्हाताऱ्या दिग्दर्शकांच्या आठवणी सगळ्यात शेवटी. पिस्तुलं आणि पाठलाग बहुतेक तिथलेच.

स्टुडिओची जागा पक्की करायला सॅनबॉर्नचे आगविम्याचे नकाशे बघा. त्यात पिवळ्या रंगात दाखवलेली इमारत लाकडी, गुलाबी रंगातली विटांची.

आणि कागदी प्रिंट्स विसरू नका. 1912 पर्यंत अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात चित्रपट हा वेगळा प्रकारच नव्हता, म्हणून निर्माते अख्खी फिल्म कागदाच्या गुंडाळीवर छापून ‘फोटो’ म्हणून नोंदवायचे. नायट्रेटच्या मूळ फिल्म जळाल्या, कुजल्या. हा कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये टिकला. तीन हजारांवर चित्रपट त्यामुळे वाचले आणि त्यात बायोग्राफचे भरपूर आहेत. तुमच्या कामाला सुरुवात तिथूनच करा.