गॅमा-किरण स्फोट आकाशात एकसारखे पसरलेत का, हे आकड्यांनी कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ३०० गॅमा-किरण स्फोटांची (अवकाशातून येणारे गॅमा किरणांचे क्षणिक झोत) यादी घेतली, विषुवांश-क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) धरून नकाशा काढला. ध्रुवांकडे ठिपके विरळ आणि एका जागी पुंजका दिसतोय. याला काही अर्थ आहे का?

ध्रुवांकडचा विरळपणा बहुतेक नकाशाच्या कागदाचाच आहे. ८० अंश क्रांतीवर आकाशाची पट्टी विषुववृत्तावरच्या तेवढ्याच रुंद पट्टीच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढी असते, पण चौकोनी आलेखात तिला तितकीच जागा मिळते. त्यामुळे ठिपके विखुरलेले दिसतात. समक्षेत्र नकाशा (आकाशाच्या सारख्या तुकड्यांना सारखी जागा देणारा) वापरा, मॉलवाइड पद्धतीचा चालेल.

तुलनेसाठी खोटं आकाश बनवताना नेमकी उलटी चूक होते. क्रांती -९० ते ९० मधून सरळ यदृच्छ उचलली की ध्रुवांवर गर्दी होते. -१ ते १ मधला आकडा उचला आणि त्याचा व्यस्त साइन घ्या, ती क्रांती. एवढ्या एका ओळीवर सगळा निकाल फिरतो, म्हणून आधी हे पक्कं करा.

मग दोन सरासऱ्या काढा. आकाशगंगेचे रेखांश आणि अक्षांश घेऊन दोघांच्या कोसाइनचा गुणाकार करा. आकाशगंगेच्या केंद्राकडे कल नसेल तर सरासरी ० येते, आणि ३०० स्फोटांना तिची प्रमाण त्रुटी ०.०३३ (१ भागिले ९०० चं वर्गमूळ). दुसरी सरासरी अक्षांशाच्या साइनच्या वर्गाची: ती १/३ यायला हवी, त्रुटी साधारण ०.०१७. आकाशगंगेच्या प्रतलात, म्हणजे तिच्या सपाट चकतीत, गर्दी असेल तर ती १/३ च्या खाली उतरते.

पण दिशा सारख्या म्हणजे अंतरंही सारखी, असं नाही. गड्ड्याच्या यात्रेत रात्री होम मैदानाच्या मधोमध उभं राहिलात तर चहूकडे सारखेच दिवे दिसतात, तरी मंद दिवे अपेक्षेपेक्षा कमी भरतात, कारण मैदान पुढे संपतं. ते मोजायला प्रत्येक स्फोटाची कमाल तीव्रता भागिले त्या क्षणीची टिपणमर्यादा (उपकरणाला जेमतेम टिपता येईल एवढी तीव्रता), आणि त्या भागाकाराचा -१.५ घात. सपाट अवकाशात स्फोट एकसारखे पसरलेले असतील तर सरासरी ०.५. कॉम्पटन या अवकाश वेधशाळेवरच्या बॅट्सी उपकरणाने टिपलेल्या १५३ स्फोटांवर १९९२ मध्ये ती ०.३५ च्या आसपास आली, दिशा मात्र एकसारख्या. स्फोट आपल्याच आकाशगंगेच्या चकतीतल्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर होतात, ही तेव्हाची रूढ समजूत त्यातून ढासळली. १९९७ साली ८ मेच्या स्फोटाची रेडशिफ्ट (प्रकाश किती लाल सरकला याचं माप, त्यावरून अंतर कळतं) किमान ०.८३५ निघाली आणि हे स्फोट फार दूरचे आहेत हे ठरलं.

इथे टिपणमर्यादा सगळ्यांना एकच धरू नका. पार्श्वभूमी बदलते तशी तीही बदलते.

आता तुमचा पुंजका. मला तो लगेच खरा मानावासा वाटत नाही. पहिलं, उपग्रह सगळं आकाश सारखा वेळ बघत नाही. खालच्या कक्षेतून जवळपास एक तृतीयांश आकाश पृथ्वीच झाकते. दुसरं, फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या स्फोट टिपणाऱ्या उपकरणाची स्थाननिश्चिती कित्येक अंशांनी चुकू शकते, त्याहून लहान पुंजके शोधण्यात अर्थ नाही. तिसरं, रेडशिफ्ट मिळालेले स्फोट आकाशगंगेच्या धुळीमुळे प्रतलाजवळ कमी असतात. २०१३ मध्ये जाहीर झालेली हर्क्युलस-कोरोना बोरिआलिस भिंत (स्फोटांच्या पुंजक्यावरून सुचवलेली प्रचंड रचना) २८३ स्फोटांपैकी एकाच रेडशिफ्ट-गटातल्या ३१ वर उभी होती, आणि नंतरच्या काही स्वतंत्र तपासण्यांत तिला ठोस आधार सापडला नाही.

म्हणून रेडशिफ्ट माहीत असलेले स्फोट घ्या, त्यांची स्थानं जागच्या जागी ठेवा आणि रेडशिफ्ट मात्र आपापसात पिसून वाटा, १०,००० वेळा. उपग्रहाचा पक्षपात आणि धुळीचा परिणाम खऱ्या आणि पिसलेल्या दोन्ही याद्यांत तसाच राहतो. दर वेळी सगळे रेडशिफ्ट-गट आणि सगळं आकाश धुंडाळून सर्वांत दाट पुंजका नोंदवा. फक्त तुमच्या पुंजक्याच्याच जागी बघितलंत तर तो योगायोगाने येण्याची शक्यता आहे त्याहून कमी भासते. त्याच्याइतका दाट पुंजका ५०० वेळा कुठेही निघाला, तर तुमचा आकडा ०.०५, आणि तो प्रबंधात तसाच लिहा.