कॉकटीलची पिल्लं आईबापांपासून काढून हातानं भरवावीत का?

तुम्ही विचारलंय की घरच्या कॉकटीलच्या, म्हणजे तुरेवाल्या लहान पोपटांच्या, जोडीनं पहिल्यांदाच चार पिल्लं काढलीत, थोरलं दोन आठवड्यांचं झालंय, आणि पक्षी विकणारा म्हणतोय, 'आत्ताच काढून सिरिंजनं भरवा, नाहीतर माणसाळणार नाहीत.' मीही कोल्हापुरातच गच्चीवर कॉकटील पाळतो, म्हणून लिहितोय.

आईबाप भरवत असतील तर काढू नका. हॅन्डफीड, म्हणजे हातानं भरवलेल्या, पिल्लाला दर जास्त मिळतो, तेव्हा विकणाऱ्याचा सल्ला त्या हिशेबानंच ऐका. माणसाळवायला सिरिंज लागत नाही. आता रोज, आईबाप खायला बाहेर आले की, पिल्लं दहा-पंधरा मिनिटं ओंजळीत घ्या, बोला त्यांच्याशी, परत ठेवा. कॉकटील याला सहसा फार हरकत घेत नाहीत. अशी पिल्लं खांद्यावर येऊन बसतात आणि पक्ष्यांत कसं राहायचं तेही आईबापांकडून शिकतात. एकटंच काढून वाढवलेलं पिल्लू पुष्कळदा माणसालाच जोडीदार समजतं आणि तुम्ही खोलीबाहेर गेलात की किंचाळत सुटतं.

तुम्ही करायचं ते जोडीसाठी. उकडलेलं अंडं, मका, हिरवा पाला द्या. मिसळीसाठी घरात मोड येतातच, त्यातले मूठभर कच्चे मूग मसाल्याआधी बाजूला काढा.

मात्र रोज सकाळ-संध्याकाळ पिल्लांची गळ्याखालची पिशवी, म्हणजे क्रॉप, बघायचा. पिल्लं मागेपुढे फुटतात, थोरल्या-धाकट्यात आठवड्याचा फरक सहज पडतो, आणि धाकटं दांडग्यांच्या खाली दबतं. त्याचाच क्रॉप रिकामा दिसत असेल तर त्याला दिवसातून एक-दोनदा वरचं भरवून परत घरट्यात ठेवा. पूर्ण काढायची वेळ कधी येते? आईबापांनी भरवणं सोडलं, ती पिल्लांची पिसं उपटायला लागली, किंवा दोघांतलं एक मेलं आणि उरलेल्याला झेपेना, तर.

तशी वेळ आलीच तर आधी ऊब. पिसांचे कोंब फुटलेल्या पिल्लाला ३० अंशांच्या आसपास लागते, उघड्याला आणखी जास्त. गारठलेल्या पिल्लाला भरवूच नका, पचत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात पंचगंगा चढली की विजेचा भरवसा नाही, २०१९ आणि २०२१ ला बघितलंच आपण. नुसत्या बल्बवर विसंबू नका, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी तयार असू दे.

खाणं पक्ष्यांच्या हॅन्डफीडिंग फॉर्म्युल्याचंच, म्हणजे पिल्लांसाठी तयार मिळणाऱ्या पुडीचं. सेरेलॅक अनेकजण देतात, पण त्यात दूध असतं आणि पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. दर वेळी ताजं कालवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. तापमान ३९ ते ४१ अंश, आणि ते थर्मामीटरनंच बघायचं. गार दिलं तर क्रॉपमध्ये साचून आंबतं, ४३ च्या वर गेलं तर क्रॉप आतून भाजतो आणि काही दिवसांनी गळ्याला भोक पडलेलं दिसतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मधेच एखादा भाग चटका बसेल इतका तापतो.

सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूनं, टोक उजवीकडे. पिल्लू मान हलवून मागायला लागलं की त्याच्या चालीनं सोडा. मागत नसेल तर ढकलू नका, श्वासनळीत गेलं तर डोळ्यांदेखत जातं. एका वेळी वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ मिली. चोवीस तासांत एकदा क्रॉप पूर्ण रिकामा झालाच पाहिजे. सकाळी तो भरलेलाच दिसला तर वरून आणखी न घालता डॉक्टर गाठा. गावात कुत्र्या-म्हशींचे डॉक्टर पुष्कळ आहेत, पक्षी बघणारे कोण ते आत्ताच फोन करून विचारून ठेवा.

तीन आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून चारेक वेळा, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत भरवावं लागतं. तुम्ही कामावर जाणार आणि 'आई बघेल' असं मनात असेल तर आधी आईला विचारा.

आणि हे महिन्याभरात संपत नाही. पाचव्या आठवड्यात पिल्लू उडायला लागतं, पण स्वतःचं स्वतः पोटभर खायला सात ते दहा आठवडे लागतात. राळा, भिजवलेले दाणे समोर ठेवा, फीड एकेक करून कमी करा, रात्रीचं सगळ्यात शेवटी बंद करा. रोज सकाळी रिकाम्या पोटी वजन करून वहीत लिहा. उडायच्या सुमारास ते थोडं उतरतं, त्याला घाबरू नका, पण रोजच उतरत गेलं तर बंद केलेलं फीड पुन्हा सुरू करा.